नेपल्सचा हिंवाळा

एका डिसेंबर महिन्यांत इटलीमधील नेपल्स या बंदराच्या शहरीं जाण्याचा योग आला. निघण्यापूर्वीं घरच्या मंडळींचा निरोप घ्यावा म्हणून इस्लापुरास गेलों होतों. इस्लापूर हें नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील, सागाच्या रानाच्या सोबतीनें वसलेलें आमचें गांव. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा तेथून जवळच आहे. माझें सामान पाहून काका म्हणाले, "अरे, थंडीच्या दिवसांत घोंगडी न्यावी. ही छत्री कशाला?" मीं सांगितलें कीं, तिकडे पाऊस हिंवाळ्यांतच पडतो. काकांचें सारें आयुष्य शेतींत गेलेलें. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हिंवाळ्यांत पाऊस? मग त्यांच्या रबीचें काय होतें?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. नेपल्सला जाऊन आल्यावर मात्र असें वाटूं लागलें कीं, त्या शहराची खरी ओळख काकांच्या या एका प्रश्नांतच होती. आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें त्याच उत्तराविषयीं.

नेपल्स हें मूळ ग्रीक लोकांनीं वसविलेलें शहर. त्याच्या जुन्या नांवाचा अर्थ 'नवें नगर' एवढाच. आपल्याकडे जशीं नवेगांव आणि नवापूर, तसेंच हें. फक्त या नव्या नगराचें वय अडीच हजार वर्षांहून अधिक आहे. समोर अर्धचंद्राकार उपसागर, पूर्वेस व्हेसुव्हिअस ज्वालामुखी, आणि टेकड्यांच्या उतारावर एकावर एक रचल्यासारखीं दिसणारीं घरें, असा त्याचा थाट. व्हेसुव्हिअसची उंची १२८१ मीटर आहे, आणि त्याचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्यें झाला. मी पोहोंचलों त्या दिवशीं हें शिखर ढगांत बुडालेलें होतें. तिसऱ्या दिवशीं ढग फाटले, तेव्हां ज्याच्या पोटांत विस्तव आहे त्याच्या डोक्यावर बर्फ पडलेलें दिसलें.

हिंवाळ्यांत या शहरीं जाणाऱ्यानें पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी ती सूर्याची. इस्लापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे, तर नेपल्स जवळजवळ एक्केचाळीस अंशांवर, म्हणजे दुपटीहून अधिक दूर. डिसेंबरच्या अखेरीस आमच्या गांवीं भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर असतो. नेपल्समध्यें तो २६ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळें दुपारचें ऊनहि संध्याकाळसारखें तिरपें पडतें, आणि साडेचारच्या पुढें दिवस मावळतो. दुसरी गोष्ट ओलाव्याची. पाऱ्याकडे पाहिलें तर तेथील थंडी मोठी नव्हे. दिवसां बारा-तेरा अंश, रात्रीं पांच-सहा. पण आपली थंडी कोरडी असते. उन्हांत बसलें कीं ती पळते. तेथील थंडी समुद्रावरून येते, दगडी फरशींत मुरते आणि अंथरुणांतहि शिरते. गल्लीच्या या घरापासून त्या घरापर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर कपडे वाळत घालण्याची तेथील चाल आहे. पावसाची सर आली कीं दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकदम उघडतात आणि बायका लगबगीनें दोऱ्या ओढूं लागतात. तें पाहून मला श्रावणांतील आपल्या वाड्यांची आठवण झाली.

नाताळापूर्वींच्या त्या दिवसांत शहरास एक निराळीच शोभा असते. सान ग्रेगोरिओ आर्मेनो नांवाच्या एका अरुंद गल्लींत भाजलेल्या मातीच्या बाहुल्या करणाऱ्यांचीं दुकानें आहेत. येशूच्या जन्माचा देखावा घरोघरीं मांडावयाचा, त्यासाठीं या बाहुल्या लागतात. पण देखाव्यांत केवळ माय-लेकरूं आणि मेंढपाळ असतात असें नव्हे. पाव भाजणारा, मासे विकणारी, लोहार, पाणक्या, असें सारें गांवच तेथें हजर असतें. बुचाच्या सालीचे डोंगर आणि शेवाळाचें रान करून त्यांत हीं चित्रें उभीं करतात. आपल्याकडील मुलें दिवाळींत किल्ला करून त्यावर मावळे आणि गवळणी मांडतात, तोच हा खेळ; तेथें तो थोरांनींहि आपल्याकडे ठेवून घेतला आहे, इतकेंच. गल्लीच्या तोंडाशीं शेगडीवर चेस्टनट भाजणारा उभा असतो. कागदाच्या पुडींत तीं गरम फळें घेऊन हात शेकीत शेकीत चालावें, यासारखें हिंवाळ्यांत दुसरें सुख नाहीं.

आतां हा पाऊस हिंवाळ्यांत कां पडतो, तें पाहूं. पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत, विषुववृत्तापासून सुमारें तीस अंशांवर, हवेच्या अधिक दाबाचा एक पट्टा आहे. या पट्ट्यांत हवा वरून खालीं उतरते; उतरतांना ती तापते आणि कोरडी होते, म्हणून तेथें ढग जमत नाहींत. जगांतील मोठमोठीं वाळवंटें याच पट्ट्याच्या आसऱ्यास आहेत. सूर्य उत्तरेकडे सरकला कीं हा पट्टाहि उत्तरेस सरकतो, आणि उन्हाळ्यांत भूमध्य समुद्रावर त्याचें झांकण बसतें. मग जून ते ऑगस्ट नेपल्समध्यें आभाळ निरभ्र असतें. सूर्य दक्षिणेस गेला कीं झांकण दूर होतें, आणि अटलांटिक महासागराकडून येणारे पश्चिमेचे वारे आपल्याबरोबर कमी दाबाचीं वादळें घेऊन त्या समुद्रांत शिरतात. तीं पाऊस देतात. नेपल्समध्यें वर्षाकाठीं सुमारें १००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आंकडा आमच्या किनवट भागास अनोळखी नाहीं. फरक आहे तो महिन्यांचा. आपला पाऊस ज्या महिन्यांत येतो, त्याच महिन्यांत तिकडचा रजा घेतो.

म्हणूनच तिकडील शेतीचें पंचांगहि आपल्या उलट आहे. गहूं शरद् ऋतूंत, पहिल्या पावसावर पेरावयाचा. हिंवाळ्याच्या पावसानें तो वाढावयाचा, आणि जूनच्या सुमारास काढावयाचा. आपण जानेवारींत रबीला पाणी कोठून द्यावें या विवंचनेंत असतों. तिकडील शेतकऱ्याला रबींतच आभाळाचें पाणी मिळतें. त्याची विवंचना उन्हाळ्याची. म्हणून खोल मुळांचीं झाडें, ऑलिव्ह आणि द्राक्षवेल, हाच त्या देशाचा पूर्वापार आधार आहे. जानेवारींत नेपल्सच्या टेकड्या हिरव्यागार असतात, आणि लिंबा-संत्र्यांचीं झाडें फळांनीं लगडलेलीं दिसतात. ऑगस्टांत त्याच टेकड्यांवरील गवत आपल्या वैशाखांतल्या माळासारखें पिवळें पडतें.

काकांच्या प्रश्नाचें उत्तर येथें संपलें असें मला वाटलें होतें. पण एके दिवशीं काप्री बेटावर जावें म्हणून सकाळींच धक्क्यावर गेलों, तों समुद्र खवळल्यामुळें बोटी बंद असल्याचें कळलें. लाटा धक्क्यावरून पलीकडे फुटत होत्या. छत्री उलटी झाली होती. पावसांत उभें राहून मी त्या करड्या पाण्याकडे पाहत राहिलों, आणि मनांत आलें कीं, आज लोखंडी बोटींची जर ही अवस्था, तर शिडाच्या गलबतांचें काय होत असेल?

त्याचें उत्तर रोमन ग्रंथांत आहे. त्या काळीं ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत हा समुद्र बंद मानीत. लाटांचें भय तर होतेंच. त्याहूनहि मोठी अडचण आभाळाची असे. होकायंत्र नव्हतें, तारे आणि किनारा पाहून गलबत चालवावयाचें, आणि हिंवाळ्यांतील ढगांत दोन्ही दिसेनासे होत. मार्चच्या ५ तारखेस इसिस देवीच्या नांवानें एक सजविलेली नौका समुद्रास अर्पण करीत, आणि मग दर्यावर्दी लोकांचें वर्ष सुरू होई. हें वाचलें तेव्हां आपल्या कोंकणांतील नारळी पौर्णिमा डोळ्यांपुढें आली. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने समुद्र बंद असतो, आणि श्रावणी पौर्णिमेस कोळी बांधव त्याला नारळ अर्पण करून तो खुला करून घेतात. देव निराळे, महिने निराळे. पण खवळलेल्या दर्याला शांत हो म्हणून विनविणारें माणसाचें मन एकच.

येथेंच या दोन समुद्रांचा संबंध लक्षांत येतो. ज्या महिन्यांत तो समुद्र बंद, त्या महिन्यांत आपला समुद्र खुला. आपला बंद, तेव्हां तो खुला. एका घराला दोन दारें असावींत आणि एक उघडलें कीं दुसरें लागावें, असा हा प्रकार. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील व्यापाऱ्यांनीं या दोन दारांचा मेळ बसविला होता. मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून गलबतें जुलै महिन्यांत निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडीत आणि पावसाळा ओसरतांना आपल्या किनाऱ्यास लागत. माल भरून मार्गशीर्ष-पौषांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, ईशान्येच्या वाऱ्यावर तीं परत फिरत. बेरेनिके बंदरांत उतरविलेला माल उंटांच्या तांड्यावर बारा दिवसांत वाळवंट ओलांडून नाईल नदीवर येई, आणि नदीतून अलेक्झांड्रियास जाई. या परदेशी मालावर तेथील सरकार किमतीचा चौथा हिस्सा जकात घेत असे. 'चौथाई' हा शब्द मराठी माणसाला नवा नाहीं, पण ही चौथाई आपल्याहून पुष्कळ जुनी! इतकें होईपर्यंत वसंत ऋतु येई, भूमध्य समुद्राचें दार उघडे, आणि गलबतें इटलीच्या वाटेस लागत. तीं येत तीं नेपल्सच्या पश्चिमेस जवळच असलेल्या पोत्सुओली या गांवीं. त्या काळीं त्याला प्युतेओली म्हणत, आणि इटलीमधील तें प्रमुख बंदर होतें.

मी पोत्सुओलीस गेलों. भूगर्भांतील उलाढालींमुळें तेथील जमीन शतकानुशतकें खालीं-वर होत आली आहे. जुन्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब अजून उभे आहेत, आणि त्यांवर माणसाच्या उंचीहून कितीतरी वर समुद्रांतील शिंपल्यांनीं पोखरलेलीं भोंकें दिसतात. म्हणजे मधल्या काळांत हे खांब तेवढे पाण्यांत बुडाले होते, आणि पुन्हां वर आले. त्या खांबांपाशीं उभा असतांना मनांत विचार होता तो आपल्या मुलखाचा. कारण या बंदराकडे येणाऱ्या मालांत आपल्या मराठवाड्याचा माल होता.

हें मी अभिमानापोटीं सांगत नाहीं. त्या पहिल्या शतकांत मिसरमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें आपल्या समुद्राची एक मार्गदर्शिका लिहून ठेवली आहे. 'पेरिप्लस' या नांवानें ती ओळखली जाते. लेखकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं, पण त्याची नजर पक्क्या व्यापाऱ्याची. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांवर तगर आहे, असें तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे रंगीत पट्ट्यांचे दगड येतात, तगरहून साधें कापड आणि तलम मलमल पुष्कळ येते, आणि हा सारा माल रस्ता नसलेल्या मुलखांतून गाड्यांवर भडोचला उतरतो, असेंहि तो लिहितो. हें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील, तेरणेच्या कांठचें आपलें तेर. गोरोबा काकांचें गांव म्हणून आपण तें जाणतों. पण गोरोबांच्या आधीं बारा-तेरा शतकें तेथील विणकरांचें नांव समुद्रापलीकडे पोहोंचलेलें होतें.

कापड टिकत नाहीं, तें गेलें. पण एक वस्तु राहिली. नेपल्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयांत ती मीं पाहिली, आणि या प्रवासाचें सार्थक झालें असें मला वाटलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या राखेखालीं पाँपेई हें शहर गाडलें गेलें. तेथील उत्खननांत १९३८ सालीं, अमेदेओ मायुरी या संशोधकाच्या देखरेखीखालीं, एका घरांत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ति सांपडली. उंची सुमारें पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक. पायांत तोडे, कमरेस मेखला, गळ्यांत हार, आणि दोन बाजूंस शृंगाराचें साहित्य धरून उभ्या असलेल्या दोन लहान दासी. डोक्यांतून खालीं एक भोंक पाडलेलें आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा अथवा मेजाचा भाग असावा, असा तर्क आहे. मायुरींनीं तिला लक्ष्मी म्हटलें आणि तेंच नांव रूढ झालें. पुष्कळांच्या मतें मात्र ती यक्षी आहे.

ती ठेवलेली आहे तें दालनहि सांगण्यासारखें आहे. पाँपेईमधील ज्या वस्तु सभ्य माणसांस दाखवूं नयेत असें पूर्वींच्या अधिकाऱ्यांनीं ठरविलें, त्यांच्यासाठीं हें गुप्त दालन केलेलें होतें. २००० सालापासून तें लोकांस खुलें झालें. आपली ही बाई तेथें कां, असा प्रश्न पडतो. आपल्या प्राचीन शिल्पांत वस्त्र सूचित असतें आणि अलंकार ठसठशीत असतात. कार्ल्याच्या लेण्यांत जाणारास यांत वावगें कांहीं दिसत नाहीं. पण परक्या गांवीं आपली रीत आपल्यालाच समजावून द्यावी लागते, आणि हस्तिदंताला तोंड असून वाचा नाहीं.

मूर्ति कोठें घडली याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. प्रथम ती मथुरेची मानीत. तिच्या अंगावर खरोष्ठी लिपींतील खूण आहे, आणि ही लिपि मुख्यतः वायव्य भारतांतील. म्हणून कांहींजण तिचें मूळ तिकडे शोधतात. पण तेर येथें हस्तिदंताचीच, आकारानें लहान, पण त्याच घडणीची एक स्त्रीमूर्ति मिळाली. आणि जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें १९७३ च्या उत्खननांत अशाच एका मूर्तीचा खालचा भाग, बाजूच्या दासींसह, हातीं आला. त्यामुळें ही कारागिरी सातवाहनांच्या दक्षिणेंतली, बहुधा आपल्या मराठवाड्यांतली, असें मानणाऱ्यांची बाजू बळकट झाली आहे. अखेरचा निकाल लागलेला नाहीं. मी कांचेपुढें उभा होतों तेव्हां मात्र, खरें सांगावयाचें तर, मला निकालाची वाट पाहवली नाहीं.

जें गेलें त्याच्या मोबदल्यांत आलेंहि पुष्कळ. इटलीचा द्राक्षासव, तांबें, कथील, कांच आणि पोवळें हा माल भडोचला येई, असें तोच व्यापारी सांगतो. रोमन स्त्रियांना जसें आपलें मोतीं, तसें भारतीयांना पोवळें मोलाचें वाटतें, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें नमूद केलें आहे. नेपल्सच्या उपसागरावरील तोर्रे देल ग्रेको या गांवीं आजहि पोवळ्याचे कारागीर आहेत. आपल्या आजीच्या गळ्यांतील पोवळ्यांची माळ पाहतांना हें आठवावें. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास सांपडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ति तर त्या शहराच्या संग्रहालयांतच आहे. आमची बाई त्यांच्या गांवीं, त्यांचा दर्याचा देव आमच्या पंचगंगेच्या कांठीं!

परत आल्यावर काकांना हें सारें सांगितलें. रबीचें उत्तर त्यांना पटलें. मग मीं आणखी एक गोष्ट सांगितली. भूमध्य समुद्राकडील हिंवाळी वादळें तेथेंच संपत नाहींत. कांहीं पूर्वेकडे सरकत, इराण ओलांडून हिमालयापर्यंत येतात. पंजाबच्या गव्हाला हिंवाळ्यांत जो पाऊस मिळतो, तो यांचाच. वेधशाळा त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. एरवीं आपल्याला त्यांची ओळख थंडीच्या लाटेपुरती. पण एखाद्या वर्षीं त्यांचा प्रभाव दक्षिणेपर्यंत येतो, बंगालच्या उपसागराकडील ओलसर हवा त्यास मिळते, आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर जी गारपीट झाली, ती अशाच योगाची.

काका बराच वेळ बोलले नाहींत. त्या वर्षीं त्यांचा काढणीस आलेला गहूं आडवा झाला होता. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या नेपल्सचा पाऊस मी आधींच पाहिला आहे."

पुढें आम्ही दोघे तेरला गेलों. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचें संग्रहालय गांवांत आहे. हस्तिदंताची ती लहान मूर्ति त्याच संग्रहांतली. काकांनीं ती निरखून पाहिली. "हिची बहीण तिकडे आहे म्हणतोस?" एवढेंच त्यांनीं विचारलें. मी हो म्हणालों.

श्रोत्यांपैकीं कोणास हिंवाळ्यांत नेपल्सला जाण्याचा योग आला, तर छत्री मजबूत न्यावी, लोकरीचे मोजे विसरूं नयेत, काप्रीसाठीं एक दिवस अधिक हाताशीं ठेवावा आणि संग्रहालयांतील त्या दालनांत पांच मिनिटें थांबावें. पण नेपल्सची वाट सर्वांना जमेल असें नाहीं. तेर मात्र लातुराहून आणि धाराशिवहून जवळ आहे. दूरदेशीं गेलेल्या लेकीची चौकशी आपण करतों. घरीं राहिलेलीस भेटून यावें, हेंहि आपलें कर्तव्यच आहे.